३३० फूट, दोन्ही दिशांनी: रिमोटच्या बोटीचा वेग नोंदवून घेताना

रिमोट कंट्रोलच्या बोटीचा वेग विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेकडे नोंदवून घ्यायचा म्हटलं की सगळे आधी मोटरचं विचारतात. मोटर कितीची, बॅटरी किती सेलची, पंखा कुठला. नागपुरात राहून २०२४ च्या उन्हाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत हे काम केल्यावर मी खात्रीने सांगतो, मोटर हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. कठीण दोनच गोष्टी. एक, धावायला पाणी मिळवणं. दुसरी, त्या पाण्यावर आलेला आकडा कुणालाही तपासता येईल असा मोजणं. या दोन्हींबद्दल मराठीत सलग काही वाचायला मिळालं नाही, म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहितो.

सुरुवात झाली ती मे महिन्याच्या शेवटी. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान यंत्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर बातमी झाली. पुढे कळलं की सेन्सर बिघडला होता. त्या दिवशी ऊन भयंकर होतंच, पण ५६ नव्हतं. त्याच आठवड्यात मी आणि माझा मेहुणा बोटीच्या वेगावर वाद घालत बसलो होतो. हौशी मंडळींची रूढ पद्धत अशी की जीपीएस लॉगर बोटीत ठेवायचा आणि त्याने दाखवलेला सर्वांत मोठा आकडा सांगायचा. पण बोट उडाली, कोलांटी खाल्ली, अँटेना क्षणभर पाण्याकडे वळली, तरी लॉगर काहीतरी आकडा देतोच. शिवाय वारा पाठीशी असताना एका सेकंदापुरता मिळालेला वेग हा बोटीचा वेग मानायचा का, हा प्रश्न उरतोच. तेव्हाच आमचं ठरलं. मोजायचं तर नीट मोजायचं.

नीट म्हणजे कसं, याचं उत्तर आधीपासून आहे. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल मॉडेल पॉवर बोट असोसिएशन आणि नॉर्थ अमेरिकन मॉडेल बोट असोसिएशन या दोन्ही संस्था सरळ रेषेतल्या वेगासाठी ३३० फुटांचं अंतर धरतात, म्हणजे मैलाचा सोळावा भाग. बोट ते अंतर दोन्ही दिशांनी कापते आणि दोन वेगांची सरासरी हाच निकाल. वारा एकीकडे मदत करतो तर दुसरीकडे आडवा येतो, त्यामुळे हिशेब बराचसा बरोबरीत सुटतो. माणूस बसलेल्या मोठ्या बोटींचा नियमही याच विचाराचा आहे, तिथे दोन्ही फेऱ्या एका तासात पूर्ण कराव्या लागतात. सिडनीत घराच्या अंगणात बोट बांधणाऱ्या केन वॉर्बीने ८ ऑक्टोबर १९७८ ला ब्लोअरिंग धरणावर ताशी ५११ किलोमीटरचा विक्रम केला तो अशाच दोन फेऱ्यांचा. त्याच्याआधी ४ जानेवारी १९६७ ला डोनाल्ड कॅम्पबेल इंग्लंडमधल्या कॉनिस्टन तलावावर परतीच्या फेरीत अपघातात मरण पावला. पहिल्या फेरीचा उत्तम आकडा त्याच्या नावावर होता, पण दुसरी पूर्ण न झाल्यामुळे विक्रम झाला नाही. हे वाचल्यापासून एकाच फेरीचा आकडा सांगायला माझी जीभ वळत नाही.

जूनमध्ये सामान जमवायला घेतलं. तयार बोट परदेशातून मागवायचा विचार पहिल्याच चौकशीत बाद झाला. अशी मॉडेलं खेळण्यांच्या शीर्षकाखाली येतात आणि खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. त्यावर अधिभार आणि जीएसटी वेगळे. म्हणून सांगाडा घरी करायचा आणि न मिळणारे सुटे भाग तेवढे बाहेरून मागवायचे असं ठरवलं. रिमोटबाबत एक सल्ला आग्रहाने देतो: तो भारतातल्या विक्रेत्याकडूनच घ्या. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी वापरायला परवाना लागत नाही हे खरं, पण बिनतारी उपकरण आयात करताना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए नावाची मान्यता लागते. एका ओळखीच्याचा रिमोट या एका कागदासाठी महिनाभर अडकला आणि शेवटी परत पाठवावा लागला. मी पिस्तुली आकाराचा साधा रिमोट साडेपाच हजारांना देशातच घेतला.

पंखे मात्र बाहेरूनच आले. हौशी लोक त्याला प्रॉप म्हणतात, मीही तेच म्हणेन. ऑक्टुरा कंपनीच्या प्रॉपवरचा क्रमांक वाचायला शिकलं की अर्धं गणित सुटतं. एक्स ४४२ म्हणजे व्यास ४२ मिलिमीटर आणि पिच व्यासाच्या १.४ पट, म्हणजे ५८.८ मिलिमीटर. प्रॉप एका फेऱ्यात कागदावर तेवढा पुढे सरकतो. आमची मोटर १८०० केव्हीची, म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला १८०० फेरे. सहा सेलची बॅटरी २२.२ व्होल्टची. गुणाकार केला तर मिनिटाला सुमारे ४० हजार फेरे आणि ताशी १४१ किलोमीटर. पाण्यात घसरण होते आणि भाराखाली फेरे कमी होतात, त्यामुळे यातून वीस ते पंचवीस टक्के वजा करायचे. मोटर घेण्याआधी हा हिशेब प्रत्येकाने वहीवर मांडावा. पाच हजारांची चूक पाच मिनिटांत टळते.

कस्टममधून पाकीट सुटायला तीन आठवडे लागले. केवायसी, पॅन, बिलाची प्रत आणि "वैयक्तिक वापरासाठी" असं सहीचं पत्र एवढं आधीच तयार ठेवलं की फोनाफोनी वाचते. लिथियम बॅटरी देशातूनच घेतली, पण तिलाही वेळ लागला. प्रवासी विमानातून अशा बॅटऱ्यांचा माल नेण्यावर एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, त्यामुळे पार्सल रस्त्याने आलं. एक बॅटरी साडेआठ हजारांना पडली, दोन घेतल्या. नागपूरच्या उन्हात ती बंद गाडीत कधीही ठेवू नका, फुगलेली चार्ज करू नका, आणि घरी ठेवताना सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.

बोट बांधण्यात पावसाळा गेला. आम्ही निवडलेल्या प्रकाराला रिगर म्हणतात. मधे नळीसारखं अरुंद अंग, पुढे दोन बाजूंना दोन तरंगपाय, म्हणजे स्पॉन्सन, आणि मागे प्रॉप. वेग आला की ती पाण्यात तरंगत नाहीच. स्पॉन्सनची मागची कड आणि प्रॉप एवढंच पाण्याला टेकतं, तलावावर भाकऱ्या खेळताना चपटा दगड टेकतो तसं. प्रॉपचं अर्धं पातं तर मुद्दाम पाण्याबाहेर ठेवलेलं असतं. पाणी हवेच्या साधारण ८०० पट घन, त्यामुळे जितकं अंग पाण्याबाहेर काढाल तितका रोध कमी. पण बाहेर काढण्यालाही मर्यादा आहे. नाक जरा जास्त वर गेलं की हवा बोटीला खालून उचलते आणि मागे उलटवते. म्हणून स्पॉन्सनच्या तळाचा कोन, वजनाचा मध्य आणि प्रॉप धरणाऱ्या स्ट्रटची उंची या तीन गोष्टी एकेका मिलिमीटरने बदलत बसावं लागतं. सगळी मजाही त्यातच आहे.

स्ट्रट आणि सुकाणूचा कंस हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकांनी करून दिले. मी पुठ्ठ्याचा नमुना घेऊन गेलो होतो. तो बघून काकांनी चहा मागवला आणि काम ठरलेल्या पैशांत, पण ठरवलेल्यापेक्षा कितीतरी बारकाईने केलं. दीड हजार रुपये. अशा माणसाकडे जाताना माप लिहून न्या आणि घाई करू नका.

प्रॉपला धार लावायची आणि तो समतोल करायचा हे काम आपलं आपणच. हा धातू बेरिलियम-तांब्याचा असतो आणि त्याची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते. पाणकागद ओला ठेवून घासा, मास्क लावा, उरलेलं पाणी कागदाने टिपून टाका. घरात लहान मुलं असतील तर हे काम स्वयंपाकघराच्या सिंकवर नको.

खर्च एकदाच सांगून टाकतो. मोटर, पाण्याने थंड होणारा २०० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), रिमोट, दोन बॅटऱ्या, प्रॉप, प्लायवूड, कार्बन कापड, इपॉक्सी, लेथचं काम असं सगळं धरून पन्नास हजारांच्या थोडं पुढे गेलं. वर्षभरात विभागून झालं म्हणून जमलं.

खरी वाट पाहावी लागली ती पाण्याची. ३३० फुटांच्या दोन्ही बाजूंना वेग घ्यायला शंभर-शंभर मीटर आणि त्यापुढे वळायला जागा, म्हणजे जवळपास साडेतीनशे मीटर मोकळं पाणी हवं. त्यात रिगरला वळण घेण्यासाठी लागणारी फिन, म्हणजे पाण्यात उतरणारी उभी पट्टी, उजव्या स्पॉन्सनवरच असते. बोट उजवीकडेच नीट वळते, त्यामुळे वळणाची जागाही तशी आखावी लागते. नागपूर तलावांचं शहर आहे, पण त्या अर्थाने नाही. अंबाझरीत जलपर्णी, फुटाळ्यात कारंज्यांची यंत्रणा आणि काठावर गर्दी, गांधीसागर चारी बाजूंनी वस्तीत. अडीच किलोची वस्तू शंभराच्या वेगाने माणसांजवळ नेणं मला मान्यच नव्हतं. तरी एका तलावासाठी अर्ज केला. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि ऑगस्ट संपला. त्यातून घेण्यासारखं एकच: अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

सप्टेंबरमध्ये आम्ही जिल्ह्यातल्या मामा तलावांकडे वळलो. माजी मालगुजारी तलाव, पूर्व विदर्भात गावोगावी आहेत. यांना सरळ, लांब पाळ असते, आणि मोजणीची रेषा आखायला पाळीसारखी दुसरी जागा नाही. मौद्याच्या बाजूला एक चांगला सापडला. गावाचं नाव तिथल्या मंडळींच्या विनंतीवरून देत नाही. तलाव लघुसिंचन विभागाचा, मासेमारीचा ठेका गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे, आणि पाळीवर वस्तू ठेवायच्या तर ग्रामपंचायतीचा ना-हरकत ठराव. तीन दारं. माझा सल्ला, सर्वांत आधी संस्थेकडे जा. पाण्यावर रोज असणारी माणसं तीच.

अध्यक्ष पाळीवरच भेटले. "काय करून राहिले भाऊ इथं?" असं विचारून त्यांनी बोट हातात घेतली आणि प्रॉपच्या धारेवरून अंगठा फिरवला. "जायात गुतला हा तं जायं बी जाईन अन् हेबी जाईन." मग आवाजाचं निघालं. मी म्हटलं, पेट्रोलचं इंजिन नाही, विजेवर चालते. ते म्हणाले, "मासे भेवतीन का नाही, ते आमाले पाहू द्या आधी." योग्यच होतं. एका सकाळी त्यांच्या पाच-सहा जणांसमोर हळू चालवून दाखवली. अटी त्यांनी घातल्या आणि आम्ही जशाच्या तशा मानल्या: जाळं टाकलेल्या दिवशी बोट नाही, पाखरं उतरलेल्या बाजूला बोट नाही, आणि प्रत्येक सकाळी संस्थेचा एक माणूस डोंग्यासह हजर, त्याचे पाचशे रुपये. थंडीत इथे पट्टकादंब आणि बदकं येतात. त्यांना उठवून मिळवलेला वेग आम्हालाही नको होता.

कागद मात्र लगेच झाले नाहीत. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि ग्रामपंचायतीचा विषय पुढे गेला. २० नोव्हेंबरला मतदान, त्यानंतरच्या मासिक सभेत ठराव. एका अर्थाने बरंच झालं, कारण तोवर तलावाच्या निम्म्या भागावर शिंगाड्याचे वेल होते. शिंगाडा निघाल्याशिवाय अशा तलावात प्रॉप घालण्यात अर्थ नाही. ठरावाची प्रत लघुसिंचनच्या शाखा अभियंत्यांना दिली, पोलीस ठाण्यात माहितीचं पत्र दिलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे शिक्के हातात आले.

पाण्यात उतरण्याआधीची एक तपासणी कधीही टाळू नका. प्रॉप काढा, बोट चालू करा, थोडा थ्रॉटल द्या आणि रिमोट बंद करा. मोटर तत्क्षणी थांबली पाहिजे. याला फेलसेफ म्हणतात. न थांबणारी बोट पाण्याजवळ नेऊ नये. बोटीच्या पोकळीत फोम भरा, बुडणारी बोट शोधायला मामा तलावाचा गाळ वाईट.

डिसेंबरभर चाचण्या. नागपूरहून पहाटे पाचला निघायचं, उजाडताना पाळीवर. साडेसहा ते साडेआठ हीच वेळ, नऊनंतर वारा उठतो. अगदी आरशासारखं पाणीही बरं नसतं हे इथे प्रत्यक्ष दिसलं. बोटीचं अंग त्याला चिकटून राहतं. बोटाच्या जाडीएवढ्या लहरी असल्या की बोट सुटी होते. नाताळच्या सुमारास एका झुळकीने नाक उचललं आणि बोट हवेत पूर्ण फिरून पाठीवर पडली. डावा स्पॉन्सन मुळापासून सुटला. डोंगेवाल्या दादांनी तुकडेसुद्धा वेचून आणले. घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही. इपॉक्सी, कार्बनचा नवा थर, आणि वजनाचा मध्य आठ मिलिमीटर पुढे. लॉगरने त्या उलटण्याच्या क्षणी दाखवलेला वेग त्या दिवसातला सर्वांत मोठा होता. लॉगरच्या कमाल आकड्यावर मी का थांबत नाही, त्याचा यापेक्षा चांगला पुरावा देता येणार नाही.

मोजणीची व्यवस्था जरा सविस्तर लिहितो, कारण ती कुणालाही कमी पैशांत करता येईल. एका खासगी सर्व्हेअरने टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन मोजणारं यंत्र, लावून पाळीवर १००.५८ मीटर, म्हणजे बरोबर ३३० फूट, आखून दिले आणि सहीचा नकाशा दिला. साडेतीन हजार रुपये. दोन्ही टोकांना काटकोनात दोन-दोन खुणेच्या काठ्या उभ्या केल्या, एक पाळीवर आणि एक उथळ पाण्यात. फोन अशा जागी लावायचा की दोन्ही काठ्या एकावर एक दिसतील. मग बोट काठापासून दहा मीटरवर असो की वीस, रेषा ओलांडल्याचा क्षण अचूक मिळतो.

दोन फोन सेकंदाला २४० चित्रं घेणारे. त्यांची वेळ जुळवायला टाळी वाजवू नका. आवाजाला शंभर मीटर जायला ०.३ सेकंद लागतात आणि आपली सगळी फेरीच तीन-सव्वातीन सेकंदांची. एवढ्यात नऊ टक्क्यांचा फरक पडतो. आम्ही सीताबर्डीवरून ११० मीटर दोन पदरी वायर आणली, दोन टोकांना दोन एलईडी आणि मधे एकच बटण. दोन्ही दिवे एकाच क्षणी लागतात आणि दोन्ही चित्रणांत दिसतात. फेरीच्या आधी एकदा, नंतर एकदा. काही फोन चित्रांचा वेग मधेच बदलतात, म्हणून स्टॉपवॉचचं चित्रण करून ते आधी पडताळलं. एका चित्राचा फरक म्हणजे बोटीचे १३ सेंटिमीटर, आणि दोन्ही टोकांचे असे फरक धरले तर शेवटच्या आकड्यात ताशी पाव-अर्धा किलोमीटर. एवढी अनिश्चितता अर्जात लिहूनही दिली.

जानेवारीचा शेवटचा रविवार. एक फोन पुतणीकडे, दुसरा मेहुण्याकडे. साक्षीदार म्हणून शासकीय तंत्रनिकेतनातले एक अधिव्याख्याता, कारण विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेने एक साक्षीदार राजपत्रित अधिकारी असावा असं कळवलं होतं. दुसरे साक्षीदार सर्व्हेअर. आमचे नियम आम्ही कडक ठेवले: दोन्ही फेऱ्या एकाच चार्जवर, मधे बोटीला हात नाही.

पूर्वेकडे जाताना ३.१२ सेकंद, ताशी ११६ किलोमीटर. उजवीकडे मोठं वळण घेतलं, लाटा निवेपर्यंत बोट हळू फिरवली. परतीच्या रेषेवर थ्रॉटल पूर्ण दाबला तेव्हा माझा श्वास खरोखर थांबला होता. ३.३१ सेकंद, ताशी १०९.४. सरासरी ११२.७. लॉगरची कमाल नोंद १२१ होती. वहीवरच्या १४१ मधून वीस टक्के वजा केले तरी जवळपास हाच आकडा येतो, आणि हिशेब व पाणी यांचं असं जुळणं मला त्या सकाळी सर्वांत जास्त आनंद देऊन गेलं. अध्यक्षांनी दोन्ही चित्रणं हळू करून पुन्हा पुन्हा पाहिली. "दिवा लागला तवापासून मोजायचं ना?" त्यांना पद्धत एका बघण्यात कळली होती.

फेब्रुवारीत अर्ज पाठवला. सर्व्हेअरचा नकाशा, साक्षीदारांची पत्रं, न कापलेली चित्रणं, लॉगरची फाइल, ठरावाची प्रत. अर्जात रकाना एकच होता, "कमाल वेग". मी त्यात ११२.७ लिहिलं आणि खाली पद्धत मांडली. तीन महिने काही नाही. मेमध्ये ईमेल आला: लॉगरमध्ये १२१ दिसतो, तो आकडा घालायचा का? मी नाही कळवलं आणि दोन्ही दिशांच्या सरासरीचा नियम का असतो ते पानभर लिहिलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं की "मोजलेल्या अंतरावरील दोन फेऱ्यांची सरासरी" या शब्दांत नोंद घेतली आहे. आकडा जगाच्या मानाने लहान आहे. अमेरिकेत अशा विजेवरच्या रिगर ताशी १०० मैलांच्या पुढे केव्हाच गेल्या आहेत. पण इथल्या पुढच्या माणसाला आता एक मोजपट्टी मिळाली, आणि ती त्याला तपासून पाहता येईल.

पुढचा हंगाम शिंगाडा निघाला की सुरू होईल, साधारण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि फेब्रुवारीत तलावातलं पाणी उतरेपर्यंत चालेल. खुणेच्या काठ्या, दिवे आणि वायरची पेटी माझ्याकडे आहे. विदर्भात कुणाला स्वतःची बोट मोजायची असेल तर ती घेऊन जावी. फक्त त्या सकाळी जाळं टाकलेलं आहे का, हे आदल्या संध्याकाळी संस्थेला फोन करून विचारून घ्यायचं.